शुक्रवारी सोलां बंद

आमच्या घरी शुक्रवारी सोलकढी होत नसे. ज्या घरात सोलांशिवाय, म्हणजे आमसुलांशिवाय, कालवण शिजू शकते ही गोष्टच कुणाला मान्य नव्हती, त्या घरात आठवड्यातला एक दिवस आंबटाला पूर्ण बंदी होती. सोलां नाहीत, चिंच नाही, कैरी नाही, ताकही नाही. गूळ आणि चणे मात्र मूठमूठभर. लहानपणी मला वाटायचे, हे व्रत आमच्या घराण्यात पोर्तुगीज यायच्या आधीपासून चालत आले असणार. पुढे कळले की व्रताचे वय माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच जास्त आहे. आई, मावशी आणि वाड्यावरच्या सात-आठ बायका खाणीवरच्या एका ट्रकात बसून म्हापशाला 'जय संतोषी माँ' बघायला गेल्या होत्या आणि येताना देवी घेऊन आल्या होत्या.

आईला तेव्हा हिंदी येत नव्हते. आजही यथातथाच. पण आरती कळायला हिंदी कशाला यायला हवे? शिवाय पडद्यामागून आरती म्हणत होती ती उषा मंगेशकर, म्हणजे आईच्या हिशेबी मंगेशीची पोर. बायकांनी चपला थिएटरच्या दाराशी काढून ठेवल्या, आरती सुरू झाल्यावर हात जोडले, कुणी पदराच्या गाठीतले दहा पैसे काढून पडद्याच्या दिशेने टाकले. हे आमच्या तालुक्यापुरते नव्हते. तो चित्रपट लागला तिथे तिथे देशभर हेच चालले होते. मोठे तारे नाहीत, खर्च बेताचा, ट्रिक सीन आजच्या शाळकरी पोरालाही हसू आणतील असे, आणि देवी अशी की त्याआधी आमच्या भागात तिचे नावही कुणी ऐकले नव्हते.

साल १९७५. त्याच साली 'शोले' आला आणि त्याच साली अमेरिकेत 'जॉज' आला. एका वर्षात तीन तऱ्हा. 'जॉज'पासून आजच्या ब्लॉकबस्टरचा धंदा सुरू झाला असे मानतात. टीव्हीवर जाहिरातींचा मारा करून एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत चित्रपट लावायचा, लोकांना विचार करायला वेळच ठेवायचा नाही. ब्लॉकबस्टर हा शब्दही मूळचा बाँबचा, दुसऱ्या महायुद्धातला, अख्खी इमारतींची रांग उडवणारा. 'शोले'ची गोष्ट याच्या अगदी उलट. पहिले काही आठवडे तो पडला असेच सगळे म्हणत होते. मग तो असा उठला की मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम ठोकून बसला. आणि 'जय संतोषी माँ'ला ना जाहिरात होती, ना सत्तर एमएमचा पडदा. त्याचा प्रचार आमच्या आईसारख्या बायकांनी विहिरीवर केला.

या तिघांत समान काय, असे कुणाला विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. त्यात सगळ्यांसाठी काहीतरी असते. पोरांना मारामारी, तरुणांना प्रेम, बायकांना रडू, म्हाताऱ्यांना देवधर्म आणि मधे पाच गाणी. याला मी थाळीचा सिद्धांत म्हणतो. प्रत्येकासाठी एकेक वाटी, ज्याला जी हवी ती त्याने ओढून घ्यावी. चित्रपटाच्या धंद्यातले लोक हा सिद्धांत अभिमानाने सांगतात आणि टीकाकार तोच नाक मुरडून सांगतात. दोघांचेही चुकते आहे असे माझे म्हणणे आहे. मोठा चित्रपट ही थाळी नसते. त्यात एकच वाटी असते. फरक असतो तो जेवायला बसलेल्यांच्या भुकेत.

थाळीच मोठी करायची असती तर २०१८ च्या दिवाळीत आलेला 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आजही चालत असता. अमिताभ आणि आमिर पहिल्यांदाच एकत्र, जहाजे, तोफा, इंग्रज, नाच, विनोद, देशभक्ती. एकही वाटी रिकामी नव्हती. पहिल्याच दिवशी ५० कोटींहून अधिक गल्ला जमला, आणि आठवडा उलटायच्या आत थिएटरे ओस पडली. पहिला दिवस जाहिरातीचा असतो, सोमवार चित्रपटाचा असतो. सगळ्यांसाठी बनवलेला तो चित्रपट कुणाचाच नव्हता.

आता 'कांतारा' घ्या, कारण गोव्यात बसून हा विषय समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. २०२२ च्या सप्टेंबरअखेर तो कन्नडमध्ये आला, दोन आठवड्यांनी हिंदीत. विषय तुळुनाडूतला, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीवरचा भूतकोला, दैव अंगात येण्याचा विधी. पंजुर्ली आणि गुळिग ही दैवते, कंबळ्यातल्या रेड्यांच्या शर्यती, दैव अंगात आलेला माणूस आणि जंगलाच्या कडेचे एक गाव. देशातल्या नव्वद टक्के प्रेक्षकांना यातले एक अक्षर आधी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निर्मात्यांनी कुणाला काही समजावूनही सांगितले नाही.

मी तो पर्वरीला पाहिला, सत्तरी तालुक्यातल्या एका मित्राबरोबर. दैवाची ती पहिली किंकाळी आली तसा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, हो आमचो राखणदार न्हय?" त्याच्या गावच्या शिमेवर गावची राखण करणारा देवचार आहे. त्याला रोट द्यावा लागतो, विडी द्यावी लागते, सोरो (दारू) द्यावा लागतो, आणि गाऱ्हाणे घातल्याशिवाय गावात कुणी घराचा पाया खणत नाही. देवळात अंगात भार आलेला माणूस कसा कापतो, त्याच्या आवाजात काय बदल होतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. त्याला 'कांतारा'त नवे काही दिसले नाही. जुनेच दिसले, पण एवढ्या मोठ्या पडद्यावर आणि एवढ्या मोठ्या आवाजात ते आजवर कुणी दाखवले नव्हते. आपल्या आजोबांचा फोटो कुणी राजवाड्याच्या दिवाणखान्यात लावलेला दिसावा, तसे त्याचे झाले.

पण त्याचा खरा चित्रपट पुढे होता. त्याची काजूची बागायत म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येते. अभयारण्य १९९९ साली झाले, बागायत त्याच्या पणजोबांची. वनखात्याच्या नकाशात ती एक असते आणि त्याच्या डोक्यातल्या नकाशात दुसरी. पडद्यावर वनाधिकारी हद्दीचे दगड रोवायला आला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरे पॉपकॉर्न आणायला उठली, आणि हा खुर्चीच्या कडेवर सरकला. शेवटी अधिकारी बरा माणूस निघाला आणि जमीनदार खलनायक ठरला, तेव्हा मात्र तो चिडला. "हे फट," म्हणजे हे खोटे, एवढेच म्हणाला. परतीच्या वाटेवर साखळीपर्यंत आम्ही त्यावरच वाद घालत होतो. त्याचे म्हणणे, दैवाने न्याय केला हे खरे, पण दिग्दर्शकाने केला नाही.

त्या पोरांनी पाहिला तो एक धडाकेबाज ॲक्शनपट होता. माझ्या कचेरीतल्या एका बाईंनी पाहिला तो हिंदू धर्माच्या जागृतीचा चित्रपट होता, तसे त्यांनी मला दोनदा सांगितले. आमच्या शेजारी घर बांधणारा विजापूरकडचा गवंडी तो कन्नडमध्ये आधीच पाहून आला होता. तो सांगत होता की किनाऱ्यावरचे कन्नड त्यालाही नीट उमगले नाही, पण रेड्यांची शर्यत बघून गाव आठवला. चौघांनी एकच वाटी खाल्ली. प्रत्येकासाठी वेगळे काही शिजवलेले नव्हते. उलट ते एका अगदी छोट्या मुलखासाठी, त्याच मुलखातल्या माणसाने, त्याच्याच मसाल्याने शिजवले होते.

मला वाटते गोम इथेच आहे. जो चित्रपट घट्टपणे कुणाचा तरी असतो, त्याच्यात बाहेरच्या माणसाला शिरायला जागा राहते. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर आपण आपले घर आठवतो. हॉटेलच्या खोलीत कुणाला काय आठवायचे?

दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे उदाहरण याहून गमतीचे. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला आणि त्यातले अँथनी गोन्साल्विसचे गाणे सगळ्या देशाने डोक्यावर घेतले. देशाला ते एका विनोदी, फटाकड्या ख्रिस्ती पोराचे गाणे वाटले. माजोर्ड्यात मात्र लोकांना ठाऊक होते की अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस आहे, त्यांच्याच गावचा, मुंबईच्या सिनेसंगीतातला नामांकित व्हायोलिनवादक आणि अरेंजर, आणि संगीतकार प्यारेलाल त्याचे शिष्य. गुरूला वाहिलेले फूल बाकीच्यांना टोपीतले पीस दिसले. दोन्ही खरेच. गाणे दोन्हीकडे चालले.

'सैराट'बद्दल एवढे लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे कोणत्याही लग्नाच्या मिरवणुकीत 'झिंगाट' वाजल्याशिवाय नवरा घोड्यावरून उतरत नव्हता. साष्टीतल्या एका ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनलाही मी ते ऐकले. वाजवणाऱ्या बँडवाल्याला त्यातल्या किती शब्दांचा अर्थ लागत होता देव जाणे. पण करमाळ्याकडची ती बोली गोव्यातल्या मराठी माणसालाही सरळ कळत नव्हती, हे आपण सोयीस्कर विसरतो. आर्चीचे अर्धे बोलणे माझ्या भाचीने मला समजावून सांगितले, आणि ती फोंड्याजवळच्या बांदोड्याची! तरीही चित्रपट चालला. नट दोन्ही नवे. आणि शेवट असा की सगळा आवाज बंद होतो आणि लहान मूल रक्ताच्या पावलांनी चालत जाते. नाचायला आलेले पब्लिक त्या शांततेत दोन-तीन मिनिटे चिडीचूप बसून होते. कुणी प्रेमकथा पाहिली, कुणी जात पाहिली. आमच्याकडे जातपात नाही असे ज्यांचे ठाम मत आहे अशा आमच्या एका नातलगांनी, चित्रपट चांगला आहे पण मुलीला दाखवण्यासारखा नाही, असा निर्णय दिला. त्यांना तो नेमका कळला होता.

पुढे हिंदीत त्याचा 'धडक' झाला. करमाळ्याचे उदयपूर केले, तळे-हवेल्या आणल्या, जातीचा काटा बोथट केला, म्हणजे तो अधिक लोकांना पचेल. तो पडला नाही. पण त्यावरून कुणाच्या घरात वाद झाल्याचे मी ऐकले नाही.

आता अवघड भाग. माझा सिद्धांत ऐकायला गोड आहे, की प्रत्येक जण आपापला चित्रपट पाहतो. पण गेल्या वर्षी 'छावा' आला तेव्हा त्याची कडू बाजूही दिसली. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला, काही दिवसांतच गोवा सरकारने करमुक्त केला, आणि आमच्या गावातून दोन टेम्पो भरून पोरे भगवे झेंडे घेऊन थिएटरात गेली. त्यांचा ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. आम्ही नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे लोक. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तो शिलालेख आम्ही शाळेच्या सहलीत बोट लावून वाचला आहे. फोंड्याच्या किल्ल्याला पोर्तुगीजांनी १६८३ मध्ये वेढा घातला आणि संभाजीराजे धावून आले, जुवें बेट घेतले, साष्टी-बारदेशात घुसले, हा आमच्या दारातला इतिहास. चित्रपटाचा भर बुऱ्हाणपूर आणि औरंगजेबावर आहे. पण आमच्या पोरांनी तो फोंडा आणि जुवें घेऊनच पाहिला.

माझ्या बाजूच्या टेबलावर बसणारा एक सहकारी साष्टीचा, ख्रिस्ती. त्याच्या घरी हीच १६८३ ची गोष्ट वेगळी सांगतात. मराठे आले, गोवा आता जातो असे वाटले, तेव्हा विसरेईने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने, जुन्या गोव्यात जाऊन संत झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि राज्य त्याच्यावर सोपवले. मग मोगलांची फौज कोकणात उतरली आणि मराठे माघारी गेले. इतिहासकार मोगलांकडे बोट दाखवतात, त्याची आजी गोंयच्या सायबाकडे, म्हणजे संत झेवियरकडे. तो 'छावा' बघायला गेला नाही. मी विचारले तेव्हा हसून म्हणाला, "तुमचो पिक्चर तुमी पळयात." तुमचा पिक्चर तुम्ही बघा. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तरीही ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसले आहे. वाटी एकच, पण पंगतीला आपल्याला बोलावलेले नाही असे शेजाऱ्याला वाटले तर तो चित्रपट कितीही कोटी मिळवो, तो सगळ्यांचा झाला असे मी म्हणणार नाही.

यात चित्रपटाचा दोष किती आणि त्याला झेंडा करून मिरवणाऱ्यांचा किती, याची वाटणी मला नीट जमत नाही. एवढे नक्की की प्रेक्षक काय पाहील यावर कुणाचाच ताबा नसतो. त्याच 'छावा'नंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणायला लागले होते. मोगलांचा लुटीचा खजिना तिथेच पुरला आहे, असा त्यांनी पडद्यावरून अर्थ काढला. कुणी स्वराज्य पाहिले, कुणी बलिदान पाहिले, आणि कुणी पत्ता पाहिला.

इथे तियात्राचा, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी संगीत नाट्यप्रकाराचा, उल्लेख केला नाही तर तो सहकारी मला सोडणार नाही. त्याचा आक्षेप असा की तियात्र ही चक्क थाळी आहे. गोष्ट एकीकडे चालते, पडदा पडला की मधे कांतारां, म्हणजे गाणी, कांतारांत महागाई, खाणी, आमदाराचा पक्षबदल, ज्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. लोक तीन-तीन तास बसतात आणि हाऊसफुल्ल होते. बरोबर आहे. माझे उत्तर अर्धेच आहे. कांतार म्हणणारा ज्या आमदाराची खिल्ली उडवतो, तो समोर बसलेल्या सगळ्यांचा एकच असतो. थाळीतल्या वाट्या वेगळ्या असतील, पाणी एकाच विहिरीचे असते. याहून अधिक चांगले उत्तर सुचले तर त्याला चहाच्या वेळी सांगेन.

पडद्यावर काय आहे यावर आपण तासन् तास बोलतो, पण पडद्यासमोर कोण कुणाशेजारी बसले आहे यावर फारसे बोलत नाही. 'बाईपण भारी देवा' २०२३ च्या जूनअखेरीस आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. आमच्याकडे मंगळागौर महाराष्ट्रासारखी घरोघर खेळत नाहीत. पण चवथीच्या दिवसांत महिला मंडळांच्या फुगडीच्या स्पर्धा वाड्यावाड्यावर असतात, आणि तालमीसाठी नवऱ्याच्या जेवणाची वेळ चुकवून बाहेर पडणे म्हणजे काय, हे आमच्या बायकांना कुणी शिकवायला नको. बायको आपल्या फुगडीच्या गटाबरोबर गेली, सगळ्यांनी ठरवून नऊवारी नेसली होती. आठ दिवसांनी नणंदांना घेऊन पुन्हा गेली. मला कुणी विचारलेही नाही. ते बरेच झाले. मी असतो तर त्या मोकळेपणी रडल्या नसत्या आणि नाचल्या तर नसत्याच.

त्या चित्रपटाचा अर्धा भाग पडद्यावर होता, अर्धा खुर्च्यांमध्ये. आईच्या ट्रकातही तेच होते. एकटीने घरी मोबाइलवर 'जय संतोषी माँ' पाहिला असता तर तिने चपला कुठे काढल्या असत्या?

म्हणून गोव्यातल्या सिनेमाविषयी बोलताना मला ब्लॉकबस्टर कसा बनवावा यापेक्षा तो कुठे बघावा हा प्रश्न जास्त सार्वजनिक वाटतो. जुन्या थिएटरात पुढची स्वस्त बाके होती, मधली होती, वर बाल्कनी होती. खाणीवरचा मजूर, भाटकार (जमीनदार), शाळामास्तर, मासळीवाली, सगळे एका छपराखाली. दर वेगळा, पण हशा एकच. पुढच्या बाकांवरून शिट्टी आली की बाल्कनीतल्या डॉक्टरांनाही कळायचे की इथे टाळी घ्यायची जागा आहे. मी त्या थिएटरांचे गोडवे गाणार नाही. ढेकूण होते, पंखे बंद असायचे, बायकांना एकटे जाणे सोपे नव्हते. पण प्रेक्षक मिसळलेला होता. मल्टिप्लेक्सने प्रेक्षक चाळून घेतला. आता चाळणीत जो उरतो तोच 'सगळे' समजून चित्रपट बनतात, आणि मग निर्माते विचारतात, लोक का येत नाहीत?

सरकार यात काय करते? एखादा चित्रपट करमुक्त करते. जरा हिशेब करू. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. त्यातला अर्धा राज्याचा, म्हणजे करमुक्त केले तरी सुटतात ते ९ टक्के. मूळ दर २०० असेल तर तिकीट २३६ ऐवजी २१८ ला पडते. सत्तरीच्या टोकाच्या गावातून पर्वरीला यायला चौघांच्या कुटुंबाला येण्याजाण्याचाच खर्च त्याहून किती तरी जास्त. शिवाय रात्रीच्या खेळानंतर परतीची बस नाही. १८ रुपयांची सूट ही त्या कुटुंबासाठी नव्हेच. ती बातमीसाठी आहे. आणि कोणता चित्रपट लोकांनी पाहावा हे मंत्रालयाने ठरवावे का, हा निराळा वाद आहेच. माझे मत नाही असे आहे, मग चित्रपट माझ्या आवडत्या राजाचा का असेना.

दुसरीकडे इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात मुक्कामाला आहे आणि मी त्याचा ऋणी आहे. तिथे पाहिले ते दुसरीकडे पाहायला मिळाले नसते. पण नोव्हेंबरचे ते दिवस सोडले तर त्या सगळ्या रोषणाईचा पेडणे-काणकोणातल्या प्रेक्षकाला उपयोग काय? आपल्याकडे साखळी, मडगाव, कुडचडे, बायणा इथे रवींद्र भवने आहेत, फोंड्याला राजीव कला मंदिर आहे. वातानुकूलित सभागृहे, बऱ्या खुर्च्या, पार्किंग. तिथे शनिवार-रविवार शंभराच्या आतल्या तिकिटात नवे चित्रपट लावायला काय हरकत आहे? वितरकांशी करार करावा लागेल, चांगले प्रोजेक्टर लागतील, नाट्यसंस्थांच्या तारखा सांभाळाव्या लागतील. अशक्य यातले काही नाही. 'नाचुंया कुंपासार'ने दहा वर्षांपूर्वी हेच करून दाखवले. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या गाण्यांवर उभा असलेला तो कोंकणी चित्रपट नेहमीच्या थिएटरांवर विसंबला नाही, सभागृहांतून खेळ लावत फिरला. मी पाहिला त्या खेळाला आमच्या गावातल्या भजनी मंडळाचे चौघे आले होते. लोर्नाची गाणी त्यांना तोंडपाठ. पडद्यावरची दारू, ख्रिस्ती घरे, इंग्रजी बोलणे, यातले काही त्यांच्या आयुष्यातले नव्हते. गाणे होते.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, म्हणजे दुसऱ्याने घ्यायची वाट पाहायला नको. चाललेले चित्रपट हातात घेऊन ते का चालले हे सांगणे सोपे असते. घट्ट स्थानिक, मातीतले, प्रामाणिक असे कितीतरी मराठी आणि कोंकणी चित्रपट आले आणि तीन दिवसांत उतरले. मान्य. 'जय संतोषी माँ'चे यश बघून देवीपटांची रांग लागली, त्यातले किती आपल्याला आठवतात? स्थानिक असणे पुरेसे नाही, नशीब लागते, गाणे लागते, योग्य शुक्रवार लागतो. मी एवढेच म्हणतो की मुळातला रंग पुसून चित्रपट सगळ्यांचा होत नाही. पण हल्ली कोणत्याही तरुण गोमंतकीय निर्मात्याशी बोला, दुसऱ्या वाक्याला 'पॅन इंडिया' येते. माझ्या ओळखीच्या एकाने देवचाराच्या कथेतला सोरो काढून नैवेद्याला पेढे घातले. कारण विचारले तर म्हणे, उत्तरेकडच्या प्रेक्षकाला खटकेल. 'कांतारा'त दैवाच्या पूजेला काय-काय लागते हे पाहून उत्तरेकडचा प्रेक्षक उठून गेला नव्हता. पेढे खाणारा देवचार मात्र आमच्या सत्तरीच्या मित्राला ओळखूच येणार नाही. आणि ज्याला आपल्याच गावात कुणी ओळखत नाही, त्याला लखनौत कोण विचारणार?

हा वाद सध्या आमच्या गावातही पेटला आहे, वेगळ्या रूपात. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की देवळाच्या मांडावर गावातल्याच पोरांचे संगीत नाटक असते. बाराच्या पुढे सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. यंदा तरुण मंडळी म्हणाली, नांदी काढा, पदे निम्मी करा, दोन अंकांत आटपा, मधे एक रेकॉर्ड डान्स घाला, म्हणजे बाहेरगावचे पब्लिक थांबेल. म्हातारे म्हणतात, बाहेरगावचे पब्लिक नांदीसाठीच येते, नाच तर त्यांच्या मोबाइलमध्येच आहे. दोन बैठका झाल्या, दोन्हींत चहा गार झाला. पेटीवाल्याने सांगून टाकले आहे की नांदी नसेल तर तो वाजवणार नाही, आणि पंचक्रोशीत दुसरा पेटीवाला नाही. मी नांदीच्या बाजूने मत दिले. तालीम सोमवारपासून आहे.